विमानतळ स्लॉट

विमानतळ स्लॉट म्हणजे गर्दीच्या विमानतळावर ठरावीक दिवशी व ठरावीक वेळी विमान उतरवण्यासाठी किंवा उड्डाणासाठी धावपट्टी, टर्मिनल व इतर सुविधा वापरण्याची विमान कंपनीला दिलेली परवानगी होय. एका फेरीसाठी आगमनाचा एक आणि प्रस्थानाचा एक असे दोन स्लॉट लागतात. हे स्लॉट संपूर्ण हंगामाच्या वेळापत्रकासाठी दिले जातात. हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष गर्दीमुळे त्या त्या दिवशी ठरवून देत असलेली उड्डाणवेळ ही वेगळी बाब आहे. मागणी क्षमतेपेक्षा अधिक असलेल्या विमानतळांवर विमाने, वैमानिक व प्रवासी उपलब्ध असूनही केवळ स्लॉटअभावी नव्या कंपनीला सेवा सुरू करता येत नाही.

क्षमतेच्या मर्यादा

लागोपाठ येणाऱ्या विमानांमध्ये सुरक्षित अंतर राखावे लागत असल्याने एका धावपट्टीवर तासाभरात मर्यादित विमानेच हाताळता येतात. विमाने उभी करण्याच्या जागा, गेटांची संख्या, टर्मिनलची क्षमता व रात्रीच्या आवाजावरील निर्बंध यांमुळेही मर्यादा पडतात. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर दोन धावपट्ट्या असून वर्षाला ४,८०,००० उड्डाणे व अवतरणे अशी कमाल मर्यादा आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत.

वाटपाची पद्धत

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना (आयाटा), विमानतळांची जागतिक संघटना व स्लॉट समन्वयक यांच्या संयुक्त मार्गदर्शक तत्त्वांनुसार विमानतळांचे तीन स्तर मानले जातात. तिसऱ्या स्तरावरील विमानतळांवर स्लॉटशिवाय नियोजित सेवा चालवता येत नाही. तेथे स्वतंत्र समन्वयक वर्षातून दोनदा, उन्हाळी व हिवाळी हंगामांसाठी, वाटप करतो.

एखाद्या कंपनीने हंगामात स्लॉटमालिकेचा किमान ८० टक्के वापर केला, तर पुढील वर्षीच्या त्याच हंगामात ती मालिका तिच्याकडेच राहते. यास ऐतिहासिक हक्क म्हणतात. उरलेले व नव्याने निर्माण झालेले स्लॉट एकत्रित साठ्यात जमा होतात आणि त्यांतील निम्मे नव्या कंपन्यांसाठी राखीव असतात. मात्र सोयीच्या वेळांचे स्लॉट जुन्या कंपन्या सहसा सोडत नसल्याने साठ्यात प्रामुख्याने गैरसोयीच्या वेळा उरतात. युरोपीय संघात १९९३ पासून याच धर्तीचा कायदा लागू आहे. कोविड-१९ महासाथीच्या काळात केवळ हक्क टिकवण्यासाठी रिकामी विमाने उडवावी लागू नयेत म्हणून २०२० मध्ये ८० टक्क्यांची अट स्थगित करण्यात आली.

खरेदी-विक्री

अमेरिकेत १९६९ पासून पाच गजबजलेल्या विमानतळांवर उड्डाणांच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली आणि १९८६ पासून देशांतर्गत स्लॉटांच्या खरेदी-विक्रीस परवानगी मिळाली. ब्रिटनमध्ये १९९९ मधील न्यायालयीन निर्णयाने मोबदला घेऊन स्लॉटांची अदलाबदल करण्यास मान्यता दिली. २०१६ मध्ये ओमान एअरने हीथ्रोवरील स्लॉटांच्या एका जोडीसाठी सुमारे साडेसात कोटी डॉलर मोजल्याचे वृत्त होते.

गेटांवरील नियंत्रण

अमेरिकेतील बहुसंख्य विमानतळांवर स्लॉटपद्धत नाही. तेथे दीर्घ मुदतीच्या भाडेकरारांनी कंपन्यांच्या ताब्यात असलेली गेटे स्पर्धेतील अडथळा ठरतात. डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळावर २००६ च्या कायद्याने गेटांची संख्या २० वर मर्यादित केली असून त्यांतील बहुतेक साउथवेस्ट एअरलाइन्सकडे आहेत. २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्स व यूएस एअरवेज यांच्या विलीनीकरणास संमती देताना अमेरिकी न्याय विभागाने वॉशिंग्टनच्या रेगन राष्ट्रीय विमानतळावरील १०४ व न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरील ३४ स्लॉट, तसेच अन्य पाच विमानतळांवरील प्रत्येकी दोन गेटे सोडण्याची अट घातली.

भारतातील स्थिती

१७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे बंद पडल्यावर तिचे मुंबई व दिल्ली येथील स्लॉट इतर कंपन्यांना तात्पुरते देण्यात आले. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, परंतु जुन्या स्लॉटांवर ऐतिहासिक हक्क मान्य केला नाही. ही योजना पुढे फलद्रूप झाली नाही आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला.

पुणे (लोहगाव) येथे हवाई दलाच्या आणि गोव्यातील दाबोळी येथे नौदलाच्या वापरामुळे नागरी उड्डाणांच्या वेळांवर बंधने येतात. जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळ सुरू झाल्यावर गोव्यात, तर डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यावर मुंबई महानगर प्रदेशात अतिरिक्त क्षमता उपलब्ध झाली.

मतभेद

ऐतिहासिक हक्कामुळे वेळापत्रकात सातत्य राहते, जोडउड्डाणांचे नियोजन शक्य होते आणि विमानांवरील दीर्घकालीन गुंतवणुकीस आधार मिळतो, असे समर्थक मानतात. टीकाकारांच्या मते मूलतः विनामूल्य मिळालेली सार्वजनिक क्षमता यामुळे प्रस्थापित कंपन्यांची खासगी मालमत्ता बनते आणि त्याची किंमत प्रवाशांना चढ्या भाड्याच्या रूपाने मोजावी लागते. लिलाव व गर्दीच्या वेळी अधिक शुल्क हे पर्याय सुचवले जातात. अमेरिकी सरकारने २००८ मध्ये न्यूयॉर्क परिसरातील विमानतळांसाठी स्लॉट लिलावाची योजना आखली होती. तथापि, न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि २००९ मध्ये ती मागे घेण्यात आली.

हे सुद्धा पहा

छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ
लंडन हीथ्रो विमानतळ
जेट एअरवेज