अर्धखुली जोडणी

संगणक जालातील दोन संगणकांमध्ये प्रस्थापित झालेली जोडणी एका टोकाला नष्ट झाली असूनही दुसऱ्या टोकाच्या नोंदींत ती चालूच राहिली, तर तिला अर्धखुली जोडणी म्हणतात. सेवा पुरविणाऱ्या संगणकाला सर्व्हर व ती मागणाऱ्या संगणकाला क्लायंट अशी नावे आहेत. क्लायंटचा वीजपुरवठा खंडित होणे, तो अकस्मात बंद पडणे किंवा वाटेतील दुवा तुटणे यांमुळे ही स्थिती उद्‌भवते. सर्व्हरने त्या जोडणीसाठी राखलेली स्मृती, फाइलींवरील कुलुपे व अन्य साधने मग अडकून पडतात. एका जोडणीने फारसे बिघडत नाही; परंतु अशा जोडण्या साचत जाऊन ठरलेली मर्यादा गाठली गेली की, सर्व्हर स्वतः सुस्थितीत असूनही नव्या क्लायंटांना सेवा देऊ शकत नाही. या हळूहळू होणाऱ्या हानीस साधनांची गळती म्हणतात.

कारणमीमांसा : जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीत संभाषण चालू असेपर्यंत तारेतून विद्युत्‌ प्रवाह वाहत असतो, तो थांबला की मंडल तुटल्याचे केंद्राला तत्काळ समजते. पॅकेट पद्धतीच्या संगणक जालात असा अखंड प्रवाह नसतो. तेथील जोडणी म्हणजे दोन्ही टोकांच्या संगणकांनी आपापल्या स्मृतीत ठेवलेल्या नोंदींची जोडी होय. पाठविण्यासारखे काही नसेल, तर काहीच पाठविले जात नाही. त्यामुळे क्लायंटकडून काही येत नसेल, तर तो विचार करीत आहे, मंद दुव्यावर अडकला आहे की कायमचा नाहीसा झाला आहे, हे सर्व्हरला त्या शांततेवरून ओळखता येत नाही. या विषयाचा सर्व इतिहास म्हणजे या शांततेचा अर्थ किती काळाने व कोणत्या नियमाने लावावा, हे ठरविण्याचा इतिहास आहे.

इतिहास : विंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून टीसीपी हा संदेशवहनाचा नियमसंच विकसित झाला. जोडणीच्या अवस्थेची माहिती वाटेतील केंद्रांत न ठेवता टोकांच्या संगणकांतच ठेवावी, हे या रचनेचे प्रमुख तत्त्व होते. त्यामुळे मधली केंद्रे बंद पडली, तरी दुसऱ्या वाटेने जोडणी टिकू शकते. मात्र एक टोक नाहीसे झाल्याची वार्ता दुसऱ्याला देण्याची जबाबदारीही त्यामुळे कोणाकडेच राहिली नाही.

सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीसीपीच्या विनिर्देशात अर्धखुल्या जोडणीची व्याख्या व तिच्यावरील उपाय दिलेला आहे. बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या संगणकाकडे जुन्या जोडणीचे पॅकेट आले, तर त्याने जोडणी रद्द करण्याचा संदेश उलट पाठवावा, असा हा नियम आहे. परंतु जे टोक स्वतः काही पाठवीत नाही व केवळ वाट पाहत राहते, त्याला या नियमाचा लाभ होत नाही. आणि क्लायंटच्या मागणीची वाट पाहणे हेच तर सर्व्हरचे मुख्य काम असते.

यावर कीप-अलाइव्ह ही युक्ती पुढे आली. जोडणी दीर्घकाळ शांत राहिली, तर सर्व्हर चाचणीचे एक पॅकेट पाठवितो व उत्तर न आल्यास काही प्रयत्नांनंतर जोडणी बंद करतो. ही युक्ती वादग्रस्त ठरली. जालात थोडा वेळ बिघाड झाला, तरी तिच्यामुळे चांगली जोडणी तुटू शकते. शिवाय पॅकेटगणिक आकार द्यावा लागत असेल, तर खर्चही वाढतो. म्हणून ऑक्टोबर १९८९ च्या मानकाने ही सोय ऐच्छिक ठेवली, ती मुळात बंद असावी असे बंधन घातले आणि शांततेची किमान मूळ मुदत २ तास ठरविली. लिनक्स प्रणालीच्या मूळ मूल्यांनुसार २ तासांच्या शांततेनंतर ७५ सेकंदांच्या अंतराने ९ चाचण्या होतात. म्हणजे मृत जोडणी सुमारे २ तास ११ मिनिटे साधने अडवू शकते. गर्दीच्या सर्व्हरला हा काळ फार मोठा असल्याने अनेक आज्ञावलींत स्वतंत्र व अल्प मुदती ठेवाव्या लागतात.

१९८९ मध्येच केरी ग्रे व डेव्हिड चेरिटन यांनी भाडेपट्ट्याची कल्पना मांडली. तीनुसार क्लायंटला साधन कायमचे न देता ठराविक मुदतीसाठी दिले जाते व नूतनीकरण न झाल्यास पट्टा आपोआप संपतो. क्लायंट मेला की जिवंत आहे, हा प्रश्नच त्यामुळे टळतो. फाइलींच्या सामायिक वापराच्या एनएफएस या नियमसंचाच्या चौथ्या आवृत्तीत कुलुपांसाठी हेच तत्त्व स्वीकारले गेले.

सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथील पॅनिक्स या इंटरनेट सेवा संस्थेवर झालेल्या हल्ल्यात सर्व्हरच्या वाट पाहण्याचाच शस्त्रासारखा उपयोग केला गेला. खोट्या पत्त्यांवरून जोडणीच्या असंख्य विनंत्या पाठविण्यात आल्या व सर्व्हर कधीही न येणाऱ्या उत्तरांची प्रतीक्षा करीत राहिला. या जोडण्या पूर्ण प्रस्थापित न झालेल्या, म्हणून अर्धखुल्या जोडण्यांहून काहीशा निराळ्या होत्या. साधने अडकण्याची तऱ्हा मात्र तीच होती. त्याच महिन्यात डॅनियल बर्नस्टाइन यांनी सुचविलेल्या सिन-कुकी पद्धतीत सर्व्हर प्रारंभी कोणतीही नोंद ठेवीत नाही. आवश्यक माहिती तो उत्तरातील क्रमांकातच गुंफून पाठवितो.

उपायांचे दोष : चाचणीची यंत्रणाही निर्धोक नसते. टीएलएस या सुरक्षा नियमसंचाला २०१२ मध्ये हार्टबीट, म्हणजे दुसरे टोक जिवंत आहे का हे पाहण्याची, जोड मिळाली. ओपनएसएसएल या आज्ञावलीत ती अंतर्भूत करताना आलेल्या संदेशाची सांगितलेली लांबी पडताळली गेली नाही. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या या हार्टब्लीड दोषामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त माहिती बाहेर जाऊ शकत होती. भ्रमणध्वनीत वारंवार होणाऱ्या चाचण्यांनी विद्युत्‌ घट लवकर संपतो, ही अडचण वेगळीच.

निर्दोष मुदत अशी कोणतीच नाही. ती अल्प ठेवल्यास मंद वा दूरच्या दुव्यावरील क्लायंट अकारण तोडला जातो. दीर्घ ठेवल्यास त्याच्या प्रतीक्षेचा भार रांगेतील इतरांवर पडतो. म्हणून मुदतीची निवड ही केवळ तांत्रिक बाब नसून मर्यादित साधनांवर कोणाचा हक्क किती काळ मानावा, याविषयीचा तो निर्णय असतो.