रापण आणि पाच किलोमीटरची भांडणं

मंडळी, गोव्याला आपण सगळेच जाऊन आलोय. पण तिथे किंवा मालवणात रापण ओढताना कधी बघितलीये? होडीतून लांबलचक जाळं अर्धगोलात सोडत जायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणायची, आणि मग डझनावारी माणसं दोन्हीकडून ते ओढतात. बांगडा, तारली, जे येईल त्याचे वाटे होतात. जाळ्याच्या मालकाचा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा.

आमच्या धंद्याच्या भाषेत, या सिस्टिममध्ये रेट लिमिट आतच घातलेली होती. मासळी किनाऱ्याजवळ आली तरच मिळणार. पावसाळ्यात समुद्र खवळला की जाळं घरी, आणि तेवढ्यात मासळीला अंडी घालायला सवड. 'संवर्धन' हा शब्द कुणी उच्चारलाही नसेल!

मग आले ट्रॉलर. १९५२ च्या करारानंतर केरळात नॉर्वेच्या मदतीने यांत्रिक बोटींचा प्रकल्प सुरू झाला. पुढे कोळंबीला अमेरिका-जपानचं गिऱ्हाईक मिळालं आणि सरकारं ट्रॉलरसाठी कर्ज नि सबसिडी देऊ लागली. साठच्या दशकापासून गोव्यातही तेच. आता ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं, आणि कोळंबी सापडते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात. म्हणजे नेमकं रापणीच्या अंगणात. त्यात अनेक ट्रॉलरमालक मुळात मच्छीमार नव्हतेच, पैसे गुंतवणारे व्यापारी होते. (सबसिडी कोणाच्या नावाने निघते आणि कोणाच्या घरी जाते, हा प्रश्न तेव्हाही होताच.)

सत्तरच्या दशकात रापणकारांनी 'एकवोट' नावाची संघटना बांधली. पुढारी होते माथानी साल्ढाणा, पेशाने शिक्षक. मोर्चे झाले, उपोषणं झाली, भर समुद्रात हाणामाऱ्याही झाल्या. मागणी साधी होती: किनाऱ्यालगतचा पट्टा आमच्यासाठी सोडा. पण राज्यघटनेनुसार मासेमारी हा राज्यांचा विषय, त्यामुळे दिल्लीचा एक कायदा करून भागणार नव्हतं. प्रत्येक राज्यात वेगळं भांडायचं! म्हणून १९७८ साली वेगवेगळ्या राज्यांतल्या मच्छीमारांनी राष्ट्रीय मंच उभा केला, आणि त्याचे पहिले अध्यक्षही साल्ढाणाच.

१९८० मध्ये केरळ आणि गोव्याचे कायदे आले, १९८१ मध्ये महाराष्ट्राचा. गोव्यात यांत्रिक बोटींना किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या आत बंदी आली. प्रकरणं कोर्टात गेली, हे ओघाने आलंच. त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते केरळचं. पर्ससीन म्हणजे थव्याभोवती टाकून बटव्यासारखं खालून आवळायचं जाळं. त्यावरची केरळ सरकारची बंदी १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने उचलून धरली. पारंपरिक मच्छीमाराचं पोट हे निर्बंधाचं पुरेसं कारण आहे, हे तिथे मान्य झालं. मासा वाचवणं आणि माणूस वाचवणं हे एकाच निकालात आलं, आणि ते भांडून आणलं जाळं ओढणाऱ्यांनी. आपल्या शाळेच्या पुस्तकांत चिपको आहे, हे का नाही कुणास ठाऊक.

असो. पट्टा कागदावर आखता येतो, पाण्यावर रेघ दिसत नाही. त्यामुळे घुसखोरी चालूच राहिली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर बंदी आणली. साल्ढाणा मात्र तोवर नव्हते. मार्च २०१२ मध्ये गोव्यात मंत्रिपदाची शपथ घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आतच ते गेले.