शब्दवेध : मस्टँग

साठच्या दशकात अमेरिकेत वाढलेल्या मुलांना फोर्ड मस्टँग आठवते ती बहुधा समोरूनच. चार वर्षांच्या पोराची नजर नेमकी पुढच्या जाळीशी पोचते, आणि तिथे क्रोमच्या चौकटीत डावीकडे चौखूर उधळलेला घोडा! १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ही गाडी लोकांपुढे आली. पोरांसाठी पायडल मारायची छोटी मस्टँगही निघाली, त्यामुळे अक्षरओळखीआधीच हे नाव कित्येकांच्या जिभेवर बसलं.

नावाचं मूळ मात्र स्पेनमध्ये. कास्तीलमधल्या मेंढ्यांच्या मालकांची 'मेस्ता' नावाची बलाढ्य संघटना होती. दहाव्या आल्फोन्सो राजाने १२७३मध्ये तिला सनद दिली. कळपात शिरलेली बेवारशी जनावरं या मेस्ताच्या वाट्याला जात. त्यावरून 'मेस्तेन्यो' म्हणजे मोकाट, धनी नसलेलं. मेक्सिकोत हा शब्द रानोमाळ पसरलेल्या घोड्यांना चिकटला आणि इंग्रजीत 'मस्टँग' झाला. मेस्ताच्या मुळाशी लॅटिन 'मिक्स्टा', म्हणजे मिसळलेली. आपला 'मिश्र' तिचाच चुलतभाऊ. हे नातं मला फार मोलाचं वाटतं.

या गाडीवरून 'पोनी कार' असा वर्गच तयार झाला. 'मसल कार' हे बिरुद तिला पुढे, १९६९च्या बॉस ४२९सारख्या दांडग्या व्ही-एट इंजिनांनी मिळवून दिलं.