तबकडीवरची मिनिटे

संगीताचा इतिहास सांगताना आपण घराणी मोजतो, गुरुपरंपरा मोजतो. मिनिटे मात्र मोजीत नाही. वस्तुतः गाणे आपल्या घरात शिरले ते बव्हंशी तबकडीवरून, आणि प्रत्येक तबकडीने गवयाला पहिला प्रश्न विचारला तो हाच की, तुझे गाणे किती वेळाचे? या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

1902 साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. पुढे रूढ झालेल्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर रंगणारा खयाल तेवढ्यात कसा बसावा? मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी या चिमुकल्या अवकाशातही स्वरांची केवढी श्रीमंती भरली, हे जाणकारांस सांगावयास नको. परंतु सावकाश उलगडणारी आलापी तबकडीच्या बाहेरच राहिली.

1948 साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने दीर्घवादी तबकडी काढली. फेरे 33⅓ वर आले, खाच बारीक झाली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले. उस्ताद अमीर खाँ यांच्या एका प्रसिद्ध तबकडीवर एकीकडे मारवा व दुसरीकडे दरबारी आहे. ही चैन पूर्वी अशक्य होती. मात्र जुन्या यंत्राची जाड सुई या खाचेस चालेना. यंत्रही नवे घ्यावे लागले.

येथेच या इतिहासाचे मर्म आहे, असे आम्हांस वाटते. तबकडीची लांबी एकट्या तबकडीची नसते. तो तबकडी आणि घरचे यंत्र यांच्यातील करार असतो.

1982 साली जपानात सीडी विक्रीस आली. बारा सेंटिमीटरच्या त्या चकतीवर सुमारे 74 मिनिटे मावत. सुई गेली, लेझरचा किरण आला. 1990 च्या सुमारास कोऱ्या सीडीची मानके ठरली, आणि दहाएक वर्षांत मुद्रणाची कला कारखान्यातून घरच्या टेबलावर आली. सीडी ‘बर्न’ करणे हा शब्दप्रयोग पोकळ नव्हे. कोऱ्या चकतीत रंगद्रव्याचा एक थर असतो. लेझरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटतात आणि वाचणाऱ्या यंत्रास त्या खळग्यांसारख्या दिसतात.

मग 74 ची 80 मिनिटे कशी झाली? चकती वाढली नाही. तिच्यावरील सर्पिलाचे वेढे किंचित जवळ आणले, इतकेच. हाव वाढली तशा 90 व 99 मिनिटांच्या चकत्याही निघाल्या. त्या मानकाबाहेरच्या. कुठे यंत्र शेवटी अडखळे, कुठे चकती ओळखीतच नसे. एमपी3 ने कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळून एका चकतीवर दहा-बारा तासही बसविले; पण जुन्या सीडी-यंत्रास ती भाषाच कळेना. करार मोडला की गाणे मुके होते.

हा प्रश्न केवळ यंत्रांचा नाही. खाजगी मैफलींची कितीतरी मुद्रणे कॅसेटवर राहिली. नव्वद मिनिटांची कॅसेट ऐंशी मिनिटांच्या सीडीवर उतरवताना दहा मिनिटांचे काय करावयाचे? पुष्कळदा कात्री लागते ती आरंभीच्या संथ आलापीला. म्हणजे 78 च्या काळी जे बाहेर राहिले, तेच पुन्हा बाहेर! त्यापेक्षा दोन चकत्या कराव्यात. कॅसेटच्या दोन बाजू तशाही वेगळ्याच असतात. रंगद्रव्याचा थर उन्हाने व काळाने विटतो, म्हणून चकती अंधारात ठेवावी आणि ती वाचता येते आहे तोवरच दुसरी प्रत करून घ्यावी.

तीन मिनिटांच्या काळात गवयापुढे दुसरा मार्ग नव्हता. आज मिनिटे आपल्या हाती आहेत. काय गाळले, याचा जाबही मग आपणासच द्यावा लागेल.