लोहाराची एकशे साठ एकर

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात स्ट्रासबर्ग नावाचं लहानसं गाव आहे. गावाजवळच्या माळावर लुडविग आणि क्रिस्टियाना वेल्क या जोडप्याचं शेतघर राज्य सरकारने जपून ठेवलंय. अमेरिकन माणसं तिथे जातात ती त्यांच्या मुलासाठी. लॉरेन्स वेल्क हा अकॉर्डियनवाला. त्याचा संगीताचा कार्यक्रम १९५५ ते १९८२ देशभर टीव्हीवर चालला. मी गेलो तो आवारातली लोहारशाळा बघायला. आम्ही सांगलीकडचे लोहार. आजोबांचा जन्म ऐरणीपुढे गेला, मी आयटीआयमध्ये पोरांना फोर्जिंग शिकवून निवृत्त झालो. मुलगी याच राज्यातल्या बिस्मार्कला असते, म्हणून हा योग आला.

वेल्क मंडळी पेशाने लोहार, जर्मन बोलणारी, कॅथलिक, मूळची फ्रान्स-जर्मनी सीमेवरच्या अल्सेस-लॉरेनकडची. झार पहिल्या अलेक्झांडरने १८०४ पासून काळ्या समुद्राकाठची रिकामी जमीन वसवायला परदेशातून शेतकरी आणि गावाच्या कामाचे कारागीर बोलावले. जमीन मिळेल, धर्म-भाषा तुमची तुम्हाला, सैन्यभरतीतून सूट, असा वायदा होता. त्यावर विसंबून ओडेसाजवळ सेल्झ, कांडेल, स्ट्रासबुर्ग अशी गावं उठली. पण १८७१मध्ये सवलती गेल्या आणि १८७४मध्ये सक्तीची सैन्यभरती आली. लोकांनी पुन्हा गाठोडी बांधली. लुडविग आणि क्रिस्टियाना १८९२मध्ये निघाले. डकोटातल्या गावाला नाव मिळालं ते ओडेसाजवळच्या स्ट्रासबुर्गचंच.

त्यांना ओढून नेलं ते एका कायद्याने. २० मे १८६२ रोजी लिंकनने सही केलेल्या होमस्टेड कायद्यात कुटुंबप्रमुखाला १६० एकर सरकारी जमीन मिळायची. सगळी फी मिळून १८ डॉलरच्या आसपास. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करून ते सिद्ध करायचं. परदेशातून आलेल्याने नागरिक व्हायचा इरादा लिहून दिला की झालं. एकटी बाईसुद्धा अर्ज करू शकत असे. या कायद्याने सुमारे १६ लाख जणांना मिळून २७ कोटी एकर जमीन दिली.

माझ्यासारख्याला हे वाचून गप्प व्हायला होतं. आमचे आजोबा बलुतेदार. वर्षभर फाळ शेवटायचे, चाकांना धावा चढवायच्या आणि सुगीला दुसऱ्याच्या खळ्यावर पोतं घेऊन उभं राहायचं. पदरात काय पडेल ते खळ्याच्या मालकाच्या मर्जीवर. लोहाराला स्वतःचं खळं असू शकतं, ही कल्पनाच आमच्या घरात कुणी केली नव्हती.

अर्थात जमीन मिळाली म्हणून सुख लागलं असं नाही. वेल्क कुटुंबाने पहिला हिवाळा काढला तो उलट्या केलेल्या गाडीखाली, वर गवताळ मातीचे थर रचून. मग मातीत गवत कालवून उन्हात वाळवलेल्या विटांचं घर झालं. त्यावर नंतर लाकडी फळ्या मारल्यामुळे बाहेरून ते साधं फळ्यांचं घर वाटतं. आतल्या भिंतीची जाडी बघितली की खरं कळतं. माळावर झाड औषधाला नाही. मग ही रशियातून आलेली जर्मन माणसं शेण आणि पेंढा तुडवून थर करत, त्याचे ठोकळे कापून वाळवत आणि तेच चुलीत घालत. मी हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे शेणीच की हो!”

लोहारकी मात्र सुटली नाही. नांगर माळावर मोडला तर दुरुस्तीला जवळ कोण होतं? या लोकांचं लोखंडकाम बघायचं तर स्ट्रासबर्ग आणि हेग परिसरातल्या दफनभूमीत जावं. गावच्या लोहारांनी घडवलेले लोखंडी क्रूस तिथे ओळीने उभे आहेत. १९८९मध्ये अशा दफनभूमींची नोंद राष्ट्रीय वारशाच्या यादीत झाली. एका क्रूसापाशी मी बराच वेळ बसलो. पट्टीची टोकं तापवून गोल वळवलेली, जोड रिबिटांचे, मध्ये सूर्यासारखे किरण. दांड्याच्या खालच्या अंगाला एक भोक होतं, कशालाच न लागणारं. गाडीची धाव चाकाला पक्की करताना पाडलेलं ते भोक, मोडीतल्या लोखंडाबरोबर तसंच आलेलं. घणाचे ठोके मोजके. हात मुरलेला होता.

लुडविग स्वतः अकॉर्डियन वाजवत. लॉरेन्सने टपालाने ४०० डॉलरचं नवं वाद्य मागवायचा हट्ट धरला, तेव्हा बापलेकांत करार ठरला: एकविसावं लागेपर्यंत शेतावर राबायचं आणि वाजवून मिळेल ते घरात द्यायचं. मुलाने शब्द पाळला आणि ११ मार्च १९२४ला, एकविसाव्या वाढदिवशी, घर सोडलं. एकशे साठ एकर मिळवायला बापाने दोन खंड ओलांडले, पोराला त्यात रस नव्हता.

पण सरकारकडे वाटायला एवढी जमीन आली कुठून? याचं उत्तर शेतघरापासून फार लांब नाही. स्ट्रासबर्ग ज्यात येतं त्या एमन्स काउंटीच्या पश्चिम कडेने मिसूरी नदी वाहते आणि पलीकडच्या काठावर स्टँडिंग रॉक ही सू या मूळनिवासी लोकांची राखीव वस्ती आहे. १८८९मध्ये अमेरिकी काँग्रेसने सू लोकांच्या मोठ्या राखीव प्रदेशाचे तुकडे केले आणि उरलेली जमीन बाहेरच्यांना खुली केली. १५ डिसेंबर १८९०ला त्यांचा पुढारी सिटिंग बुल याला अटक करताना गोळ्या घातल्या. वेल्क जोडपं ओडेसा सोडून निघालं ते त्यानंतर दोनच वर्षांनी. लुडविगने कुणाची जमीन बळकावली नाही. सरकारने आधी घेतलेली त्याने कायद्याने, घाम गाळून घेतली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आपल्याकडे जुन्या सातबाऱ्यावर फेरफार झाला की आधीच्या मालकाचं नाव कंसात जायचं, पण वाचता यायचं. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना, अमेरिकेतल्या आणि आपल्याही, माझं एवढंच सांगणं आहे: पूर्वजांचे कष्ट जरूर लिहा, पण त्यांच्या जमिनीवरचं कंसातलं नावही वाचून घ्या.