निद्रा, श्वास आणि दंतवैद्य

घोरणारा मनुष्य गाढ झोपेचे सुख भोगीत आहे, अशी आपल्या समाजाची फार जुनी समजूत आहे. बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयास राहिलेले कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) आपल्या अष्टोत्तरशत रामायणांबद्दल ख्यात आहेत. रामायण म्हटले की कुंभकर्ण आलाच. आणि घरात जो कोणी मोठ्याने घोरेल त्यास तेच नाव मिळते. या थट्टेखाली एक व्याधी पिढ्यान्‌पिढ्या झाकून राहिली. तिची पुष्कळशी चिन्हे मुखातच असतात. परंतु नित्य मुख पाहणारा दंतवैद्य तिच्याकडे फार उशिरा वळला. असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

व्याधीचे स्वरूप थोडक्यात असे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे घसरते, आणि वायुमार्ग अरुंद असल्यास तो मिटतो. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो. मेंदू अर्धवट जागा होतो, श्वास पुन्हा सुरू होतो. तीव्र प्रकारात हे तासाला तीस वेळांहून अधिक घडते. रोग्यास मात्र सकाळी याचे स्मरण नसते. दिवसा पेंग येते, डोके दुखते, आणि कालांतराने रक्तदाब वाढतो.

आमच्या प्राचीन वैद्यांस याची चाहूल होती. सुश्रुताने मेदोवृद्धीच्या लक्षणांत अतिनिद्रेबरोबर 'क्रथन' सांगितले आहे. क्रथन म्हणजे श्वासाचा अकस्मात अवरोध. त्याच ग्रंथात मुखरोगांचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात तुण्डिकेरी, कण्ठशालूक अशा टाळू व घशाच्या विकारांची नावे आहेत. श्वासाचा अवरोध एका अध्यायात आणि घसा दुसऱ्या अध्यायात, अशी ही विभागणी झाली.

युरोपातही हेच घडले. डिकन्सने १८३६–३७ मध्ये लिहिलेल्या 'पिक्विक पेपर्स' या कादंबरीतील स्थूल नोकर जो उभ्या उभ्या झोपतो. वाचक त्यास हसले. १९५६ साली वैद्यांनी एका रोगास त्या कादंबरीचेच नाव दिले. १८६८ साली कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयरने मुलांच्या नाकामागील वाढलेल्या ग्रंथींचे वर्णन केले. दातांच्या बाजूने पहिले महत्त्वाचे पाऊल पिएर रोबँ या फ्रेंच मुखवैद्याचे. १९०२ साली त्याने खालचा जबडा पुढे आणणारे उपकरण योजिले, आणि १९२३ साली जिभेचे मूळ मागे पडल्याने श्वास अडतो हे मांडले. झोपेतील श्वासखंडाची यंत्राने नोंद १९६५ साली झाली. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबयुक्त हवा देण्याचा उपाय दाखविला. जबडा पुढे धरून ठेवणारी रोबँची कल्पनाही पुढे नव्या रूपाने उपयोगात आली.

दंतवैद्यास काय दिसते? दाढांचे माथे घासून सपाट झालेले, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे, टाळू उंच व अरुंद, खालचा जबडा मागे सरलेला, गलग्रंथी मोठ्या, तोंड उघडे ठेवून झोपल्याने हिरड्या कोरड्या. मूळचे आंध्रचे भूलतज्ज्ञ शेषगिरी राव मल्लमपाटी यांनी १९८५ साली, उघड्या तोंडात घसा किती दिसतो यावरून प्रती ठरविल्या. हेतू भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे किती कठीण जाईल हे ओळखण्याचा होता. तीच रीत आता या कामीही येते. मूल रात्री दात खाऊ लागले की आपण जंतांचे औषध देतो. ते तोंडाने श्वास घेते काय, हे कोणी पाहत नाही. अर्थात यांपैकी एकही चिन्ह म्हणजे पुरावा नव्हे. दात चिंतेनेही खाल्ले जातात. निर्णय निद्रापरीक्षेनेच व वैद्यानेच करावयाचा. अमेरिकन दंतवैद्यसंघाने २०१७ साली हीच मर्यादा सांगितली: दंतवैद्याने संशयित ओळखावा आणि वैद्याकडे पाठवावा.

हा प्रश्न परदेशाचाच नव्हे. मुंबईत नियमित प्रकृतितपासणीस आलेल्या ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची पाहणी डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केली. तीत झोपेतील श्वासविकाराचे प्रमाण शेकडा १९.५, आणि दिवसाच्या झोपाळूपणासह तो असण्याचे प्रमाण शेकडा ७.५ आढळले. हे आकडे शहरातील खरे. पण मागे सरलेला जबडा शहर पाहून येत नाही. बारामती व इंदापूर तालुक्यांत गाळपाच्या हंगामी माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांकडे उसाच्या गाड्या रात्रंदिवस चालतात; पुणे–सोलापूर हमरस्ता इंदापुरावरून जातो. तेथे चालकाची क्षणाची डुलकी त्याच्या एकट्याच्या जिवावर बेतत नाही. असा मनुष्य 'मी घोरतो' म्हणून वैद्याकडे कधीच जाणार नाही. दाढ ठणकू लागली की दंतवैद्याकडे मात्र जाईल.

म्हणून त्या खुर्चीपाशी दोन प्रश्न अधिक विचारले जावेत, असे आम्हांस वाटते: 'रात्री घोरता काय? दिवसा पेंग येते काय?' बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. संशयिताने पुढचा सल्ला घ्यावयास फार लांब जावयास नको. सुश्रुताने दोन अध्यायांत ठेविलेले ज्ञान एकत्र आणावयास दोन सहस्र वर्षे लागली. आता ते एकत्र आले आहे. दाढ दाखवावयास आलेल्या मनुष्यास त्याचा लाभ मिळावा, एवढेच मागणे आहे.