जुनाच ब्लॉक, नवी ताकद : अमेरिकी जीपच्या इंजिनाची पुनर्बांधणी

खडकाळ, बिनरस्त्याच्या वाटांवर चालणाऱ्या जीप गाडीची ताकद वाढवण्याचा अमेरिकेतील इतिहास पाहिला, तर अगदी नवे इंजिन घडवण्यापेक्षा हाताशी असलेले जुनेच इंजिन उघडून पुन्हा बांधण्याची परंपरा तिथे अधिक बळकट असल्याचे दिसते. आणि या परंपरेचा आरंभ हौशी मेकॅनिकांनी नव्हे, तर खुद्द कारखान्याने केला. ओहायो राज्यातील टोलेडो येथील विलिस-ओव्हरलँड कंपनीचे अभियंते बार्नी रूस यांच्या वाट्याला 48 अश्वशक्तीचे एक जुने चार सिलिंडरचे इंजिन आले होते. त्याचा 2.2 लिटरचा आकार तसाच ठेवून, अधिक काटेकोर मापे आणि अधिक चिवट धातू वापरून त्यांनी ते सुमारे 60 अश्वशक्तीपर्यंत नेले. 1940 साली लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी वजनाची कडक मर्यादा घातली, तेव्हा रूस यांनी इंजिनाला हात न लावता गाडीच्या इतर भागांतून वजन उतरवले, आणि हा निर्णयच पुढे विलिसच्या पथ्यावर पडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच ब्लॉक, म्हणजे सिलिंडर सामावणारा इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, पुन्हा कामी आला. 1953च्या सीजे-3बी गाडीत आत येणाऱ्या मिश्रणाची झडप ब्लॉकमधून काढून वरच्या हेडमध्ये नेली, धूर बाहेर सोडणारी झडप मात्र जागच्या जागी राहिली, आणि त्याच आकारातून सुमारे 75 अश्वशक्ती मिळू लागली. इंजिनाची उंची वाढल्यामुळे बॉनेटही उचलावे लागले. महिंद्राने पुढे अनेक वर्षे बनवलेली उंच नाकाची जीप मराठी वाचकाच्या ओळखीची आहे, ती याच बदलाची संतती.

शेव्हरोलेचे आठ सिलिंडरचे इंजिन 1955 साली बाजारात आल्यावर अनेक मालकांनी ते जीपमध्ये बसवले, तर 1965मध्ये जीप बनवणाऱ्या कंपनीनेच ब्यूकचे 160 अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन देऊ केले. परंतु परके इंजिन घातले की गिअरबॉक्स, ॲक्सल आणि रेडिएटर यांचाही फेरविचार आला, आणि ताकदीच्या हौसेपायी मोडलेल्या ॲक्सलांची गणती कोणी ठेवलेली नाही.

या साऱ्यांत सर्वाधिक कल्पक ठरावी अशी युक्ती नंतर जीप बनवू लागलेल्या अमेरिकन मोटर्सच्या दोन सहोदर इंजिनांतून निघाली. या कंपनीचे 4.2 लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन 1971 सालचे, तर 1987च्या जीप चेरोकीत आलेले 4.0 लिटरचे इंजिन त्याच कुळातले. थोरल्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव, 98.9 मिलिमीटर आणि धाकट्याचा 86.7 मिलिमीटर, मात्र धाकट्याच्या सिलिंडरचा व्यास मोठा. म्हणून भंगारातल्या 4.2चा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची धाव ठरवणारा फिरता दांडा, 4.0च्या ब्लॉकमध्ये बसवून सिलिंडरांचा व्यास सुमारे पाऊण मिलिमीटरने वाढवला, तर इंजिन 4.6 लिटरचे होते. धाव वाढल्याने पिस्टन सुमारे 6.1 मिलिमीटर अधिक वर जाऊन हेडवर आदळायला हवा, पण पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा 4.2चा कनेक्टिंग रॉड 6.35 मिलिमीटरने आखूड असल्यामुळे तो जवळपास पूर्वीच्याच उंचीवर थांबतो. दोन वेगवेगळ्या काळच्या सुट्या भागांची मापे इतकी जुळावीत, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. एकाच आराखड्यातून वाढलेल्या घराण्याचे ते लक्षण आहे.

अशा बांधणीचा खरा लाभ अश्वशक्तीच्या आकड्यात कमी आणि टॉर्कमध्ये, म्हणजे शाफ्टला पीळ देऊन फिरवणाऱ्या जोरात, अधिक दिसतो, कारण कॅलिफोर्नियातील रुबिकॉनसारख्या वाटेवर गाडी माणसाच्या चालीने दगडांवर चढते आणि तिथे कमी फेऱ्यांवर मिळणारा जोरच उपयोगी पडतो. मोठ्या सिलिंडरांना इंधन अधिक लागते, म्हणून इंजेक्टर बदलावे लागतात. आणि दाब बेताबाहेर वाढला, तर साध्या पेट्रोलवर इंजिन नॉकिंग करू लागते, म्हणजे मिश्रण अवेळी पेट घेऊन खडखडते.

4.0 लिटरच्या या इंजिनाचे उत्पादन 2006 साली थांबले. अमेरिकेत त्याची 4.6 लिटरची आवृत्ती कारखान्याने कधीच विकली नाही. अमेरिकन मोटर्सची मेक्सिकोतील संलग्न कंपनी व्हीएएम मात्र त्याच घराण्याचे 4.6 लिटरचे इंजिन 1970च्या दशकातच गाड्यांत बसवत होती.